कै. टिंब

"क ला दोन मात्रा, कै. टिंब. एक जागा सोड. क ला पहिला उकार, कु..."

एवढ्यात मॉनिटरनं टक् आवाज केला आणि पडदा काळा झाला. नेवरेकर सरांनी दोन्ही हात की-बोर्डवरून उचलून हवेत धरले आणि माझ्याकडे बघितलं.

"बघितलंस?"

"बघितलं सर."

"आता आपला आपण सुरू होईल."

झाला. कोणी बोट न लावता कॉम्प्युटर सुरू झाला आणि काही घडलंच नाही अशा थाटात गुरगुरायला लागला. आत स्वयंपाकघरात मिक्सर घरघरत होता, त्यामुळे सरांना ओरडून बोलावं लागत होतं.

"सहा वेळा! सहाही वेळा इथंच! याच ओळीवर!"

ही दोन हजार चार सालची, सांगलीतली गोष्ट. मी तेवीस वर्षांची होते आणि तीन आठवड्यांपूर्वी नोकरी सोडून स्वतःचा धंदा काढला होता. धंदा म्हणजे एक जुनी लूना, स्क्रू-ड्रायव्हरचा एक सेट आणि छापून घेतलेली दोनशे कार्डं. आधीच्या दुकानात मालकानं मला दीड वर्ष फोन उचलायला बसवलं होतं. डिप्लोमा माझ्याकडे होता, पण पोरींना स्क्रू जमत नाहीत असं त्याचं ठाम मत होतं. त्याच्या डोक्यातला ढिला स्क्रू तेवढा मला खरंच जमला नाही, म्हणून बाहेर पडले.

नेवरेकर सर माझं पहिलं गिऱ्हाईक. विश्रामबागेतल्या त्यांच्या घराची बेल वाजवली तेव्हा दार उघडून त्यांनी आधी माझ्या मागे कोणी पुरुष आहे का ते बघितलं. नाही म्हटल्यावर माझं कार्ड मागितलं.

"नाव काय तुझं?"

"ज्योत्स्ना."

"मग यात त कुठं आहे?"

कार्डावर 'ज्योस्ना कॉम्प्युटर्स' असं छापलं होतं. सरांनी सदऱ्याच्या खिशातली लाल पेन्सिल काढली, स च्या डोक्यावर अर्धा त बसवला, बाजूला समासात फुलीसारखी खूण केली आणि कार्ड मला परत दिलं.

"दोनशे छापलीत ओ सर."

"मग दोनशे चुका छापल्यास. ये आत."

सरांनी पस्तीस वर्षं मराठी शिकवलं होतं. गावातले निम्मे डॉक्टर आणि वकील त्यांच्या हातचे फटके खाऊन मोठे झालेले. सर जर म्हणाले की पोरगी हुशार आहे, तर माझं भलं होणार होतं. आणि सर जर म्हणाले की हिला काही येत नाही, तर लूना विकून परत फोन उचलायला बसायचं होतं. मला हे माहीत होतं आणि सरांनाही ते माहीत असल्याचं त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

त्यांचं काम कुलवृत्तांताचं होतं. समस्त नेवरेकर घराण्यात कोण जन्मलं, कोणाला कुठं दिलं, कोण कधी गेलं याचं एक जाडजूड पुस्तक निघायचं होतं. पुढच्या महिन्यात रत्नागिरीला घराण्याचं संमेलन होतं, तिथं ते पाचशे घरांत वाटायचं. पहिल्या तीन शाखा छापखान्यात पोचल्या होत्या. चौथी शाखा सरांची. पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी ती छापखान्यात गेली नाही, तर मुंबईचा चुलतभाऊ मधू स्वतः टाईप करून पाठवणार होता.

"मधूनं मला पत्र पाठवलंय," सर म्हणाले. "त्यात 'आशिर्वाद' लिहिलंय. शि ला पहिली वेलांटी! हा माणूस माझ्या शाखेचा इतिहास लिहिणार?"

सरांच्या शाखेत एकसष्ट माणसं होती. सगळ्यांची मुद्रणप्रत त्यांनी वडिलांच्या जुन्या वहीवरून सुवाच्य अक्षरात उतरवली होती. त्यातली सदतीस माणसं टाईप झाली होती. अडतिसाव्या ओळीवर लिहिलं होतं, 'कै. कुमुदिनी. बालवयात निधन.' ती ओळ आली की कॉम्प्युटर मान टाकायचा. ओळ पुरी होऊन सेव्ह करेपर्यंत कधी टिकलाच नाही. ती सोडून पुढं जा म्हणावं, तर सर क्रम मोडणारे नव्हते.

सरांची टाईप करायची तऱ्हा वेगळी होती. दोन बोटांनी टाईप करायचे आणि प्रत्येक अक्षर वर्गात शेवटच्या बाकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचे. काना, मात्रा, वेलांटी, टिंब, सगळं. तोंड बंद केलं की बोटं बंद पडायची.

मी पहिली शंका विजेवर घेतली. कोणीही घेईल. कॉम्प्युटरचा यूपीएस आत स्वयंपाकघरात ठेवला होता. अर्थिंगचा धड प्लग तिथंच होता, आणि लाईट गेली की यूपीएस जे टीं टीं करतो ते सरांना कर्णकटू वाटायचं. भिंतीला भोक पाडून वायर बाहेरच्या खोलीत आणली होती. यूपीएसवर काकूंनी क्रोशाचं कव्हर घातलेलं. ते उचलून मी प्लग उपसला. यूपीएस टीं टीं ओरडत राहिला आणि बाहेर कॉम्प्युटर मजेत चालू राहिला.

"यूपीएस ठणठणीत आहे," मी म्हटलं.

"मग काय, चांगल्यातला घेतलाय," काकू म्हणाल्या. त्या मिक्सरपाशी उभ्या होत्या. ठेंगण्या, गोऱ्या, तोंडात सुपारी. "खिचडी खातेस का?"

मी खाल्ली. साबुदाणा कमी आणि दाण्याचं कूटच जास्त होतं.

मग मी कॉम्प्युटर उघडला. रॅम काढली, तिचे पितळी दात खोडरबरानं पुसले. खोडरबर सरांनीच दिलं, आणि पुसते नीट की नाही ते शेजारी उभं राहून बघितलं. पंख्यातली धूळ फुंकली. परत जोडून सरांना म्हटलं, करा टाईप.

"क ला दोन मात्रा, कै. टिंब. एक जागा सोड. क ला पहिला..."

टक्.

दोन दिवसांनी मी नवा पॉवर सप्लाय घालून बघितला. गेला. त्याच्या दुसऱ्या दिवशी अख्खी मशीन फॉरमॅट मारली, सदतीस माणसं आधी फ्लॉपीवर काढून ठेवली आणि परत घातली. गेला. मराठी फॉन्टवर संशय घेतला. त्यात 'कै' या अक्षराचीच काहीतरी भानगड असेल असं वाटलं आणि सरांना तसं सांगितलंही.

"म्हणजे कै. लिहिलं की हाच कैलासवासी होतो?" सर म्हणाले.

"तसंच काहीतरी."

मग मीच आधीची सदतीस माणसं तपासली. त्यात चौदा कै. होते आणि चौदाही सुखरूप टाईप झाले होते. पणजोबा, आजोबा, प्लेगात गेलेली तीन भावंडं, कोणाबद्दल कॉम्प्युटरची काही तक्रार नव्हती. त्याचं वैर फक्त या एका कुमुदिनीशी होतं.

मिक्सरवरही मी संशय घेतला. कॉम्प्युटर जायचा तेव्हा तो चालू असायचाच. काकूंना म्हटलं, जरा पाच मिनिटं फुल चालवा. त्यांनी आनंदानं चालवला, तेवढ्यात अर्धा किलो दाण्यांचं कूट झालं आणि कॉम्प्युटरला काहीही झालं नाही. ओट्यावर कुटाचे चार डबे भरून ठेवलेले होते. ना एकादशी ना चतुर्थी, या दोघांना एवढं कूट कशाला लागतं असं माझ्या मनात आलंही. पण मी कॉम्प्युटरवाली, मला कुटाशी काय करायचंय, असं म्हणून सोडून दिलं. माझ्या आयुष्यातला हा सगळ्यात मोठा गाढवपणा.

त्याच दिवशी काकू हात पुसत बाहेरच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"अहो, मला वेगळीच शंका येते."

"काय?"

"ही कुमुदिनी. बालवयात गेलेली. हौसमौज सगळी राहून गेलेली. तीच अडवत नसेल ना?"

सरांनी चष्मा काढला. "काहीतरीच बोलू नकोस."

"काहीतरी कशाला? त्र्यंबकेश्वरला जाऊन शांत करून येऊ. अशी अकाली गेलेली असली की करतात ना तिथं."

"काही गरज नाही!"

"का? गेली ना ती? तुम्हीच लिहिताय."

सर सदऱ्याच्या टोकानं चष्मा पुसत राहिले. बराच वेळ पुसला. मग म्हणाले, "मी ज्योत्स्नाशी बोलतोय. तू मध्ये बोलू नकोस."

"बरं," काकू म्हणाल्या, दाढेखालची सुपारी कडाकडा फोडली आणि आत गेल्या.

"हिचे दात खराब आहेत," सर उगाचच मला म्हणाले. "दर महिन्याच्या पहिल्या बुधवारी मिरजेला जाते. दाताच्या डॉक्टरकडे. तेहतीस वर्षं."

आत्ताच ऐकलेल्या सुपारीवरून मला वाटलं, डॉक्टर भलताच चांगला असणार.

बुधवारी मी एकटीनं एक प्रयोग केला. सर बँकेत गेले होते. मी खुर्चीत बसले आणि गपचूप ती ओळ टाईप केली. 'कै. कुमुदिनी. बालवयात निधन.' काही झालं नाही. सेव्ह केली. तरी काही झालं नाही. आत मिक्सर बंद होता आणि काकू भाजी निवडत होत्या. सर परत आले तेव्हा मी त्यांना पडदा दाखवला.

मला वाटलं सर खूश होतील. त्यांनी चष्मा लावून ती ओळ दोनदा वाचली.

"पुसून टाक," ते म्हणाले.

"का ओ सर? झाली की आता."

"माझी शाखा आहे. माझ्या हातानं होईल." मग थोड्या वेळानं म्हणाले, "तुझ्या हातानं चालतो आणि माझ्या हातानं बंद पडतो. म्हणजे दोष माझ्यात आहे असं तुझं म्हणणं?"

"तसं नाही सर, पण तुम्ही न बोलता टाईप करून बघा की एकदा."

त्यांनी बघितलं. तोंड घट्ट मिटून दहा मिनिटं की-बोर्डकडे बघत बसले. एक अक्षर उमटलं नाही.

"उद्या गुरुवार," शेवटी ते म्हणाले. "उद्या झालं नाही तर मला तुझ्या जुन्या मालकाला फोन करावा लागेल. मधूच्या हातात मी ही शाखा देणार नाही."

मी लूना ढकलत घरी गेले. ढकलत, कारण तीही त्या दिवशी बंद पडली. रात्री आईनं विचारलं, काय झालं, तर तिच्यावर खेकसले. काय सांगणार होते? मला रडूच येत होतं. मालक फोनवर काय काय बोलेल, कसा हसेल, ते सगळं मला पाठ होतं.

गुरुवारी सकाळी दहाला मी सरांच्या टेबलाखाली बॅटरी घेऊन पालथी पडले होते. ठरवलं होतं की सर टाईप करतील आणि कॉम्प्युटर जाईल त्या क्षणाला प्रत्येक वायरवर माझी नजर असेल. डोकं भिंतीला टेकलेलं होतं, कानाशी ते वायरचं भोक.

"करा सर."

"क ला दोन मात्रा, कै."

भिंतीपलीकडे मिक्सर सुरू झाला.

"टिंब. एक जागा सोड. क ला पहिला उकार, कु..."

टक्. आणि त्याच क्षणी, मिक्सरच्या घरघरीच्या आतून, भोकातून माझ्या कानात आलं, टीं.

एकच टीं.

लाईट गेली तर यूपीएस ओरडतच राहतो. एकदाच टीं करतो तो फक्त त्याचं बटण दाबल्यावर. मी टेबलाखालून निघायच्या घाईत डोकं आपटून घेतलं.

"सर, परत एकदा करा. सावकाश. मी आत बघते जरा."

मी चपला न घालता, पायांचा आवाज न करता स्वयंपाकघराच्या दारात गेले. काकूंचा उजवा हात मिक्सरच्या बटणावर होता. डावा हात क्रोशाच्या कव्हरात कोपरापर्यंत गेलेला होता. कान भिंतीच्या भोकाला लावून, डोळे मिटून, त्या लक्ष देऊन ऐकत होत्या. बाहेरून सर म्हणाले, "क ला दोन मात्रा," तसा मिक्सर सुरू झाला. सर म्हणाले, "क ला पहिला उकार," तसा कव्हरातला हात हलला.

"गेला! परत गेला!" सर बाहेरून ओरडले.

काकूंनी बटण परत दाबलं, डोळे उघडले आणि मला बघितलं. मिक्सर बंद केला नाही.

"काकू!" मी दबक्या आवाजात म्हटलं, पण दबका राहीना. "आठ दिवस मी रॅम पुसतेय!"

"पुसलीस तर बरंच झालं की. धूळ होती."

"अहो पण का?"

काकूंनी मला हाताला धरून ओट्यापाशी ओढलं. "ती जिवंत आहे," त्या म्हणाल्या.

"कोण?"

"कुमुद. यांची धाकटी बहीण. तेवीस वर्षांची होती तेव्हा फिलिप म्हणून एक मुलगा होता, त्याच्याशी लग्न करून गेली. सासऱ्यांनी तिच्या नावानं आंघोळ केली आणि वहीत लिहून टाकलं, कै., बालवयात निधन. तेवीस वर्षांची बाई बालवयात गेली म्हणे! आंघोळीनं माणूस मरत असतं तर हे घर कधीच रिकामं झालं असतं."

"आता कुठं असतात त्या?"

"मिरजेत."

"मिरजेत? रिक्षानं वीस मिनिटं!"

"तेच की. मेलेलं माणूस एवढ्या जवळ राहतं का कुठं?"

मला एकदम काकूंचे दात आठवले. त्यांना ते कळलं असावं, कारण त्या हसल्या. बत्तीसच्या बत्तीस पांढरेशुभ्र होते.

"सरांना माहिती आहे?"

"देव जाणे. ती गेली तेव्हा मी एकदा विषय काढला होता. विषय बंद, म्हणाले. बरं म्हटलं. तुम्ही विषय बंद करा, मी कॉम्प्युटर बंद करते." मिक्सर चालूच होता आणि काकू त्यावरून बोलत होत्या, त्यामुळे त्यांचा आवाज चढला होता. "नुसतं नाव गाळलं असतं ना, तर मी गप्प बसले असते. पण छापील पुस्तकात कै.? पाचशे घरांत जाणार ते. तिच्या लेकीच्या हातात कधी पडलं तर? मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा, वहिनी, भूक लागली का, असं विचारणारी ती एकटी होती. एकटी. मी जिवंत असेपर्यंत तिच्या नावामागं कै. लागू देणार नाही."

त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्याचा त्यांना राग आला होता. त्यांनी मिक्सर बंद केला.

"जा आता," त्या म्हणाल्या. "सांग त्यांना. तुझ्या पोटाचा प्रश्न आहे. मी रागावणार नाही."

काम पाच मिनिटांचं होतं. यूपीएस उचलायचा आणि बाहेरच्या खोलीत नेऊन ठेवायचा, बस. अडतिसावी ओळ होणार, शाखा पुरी होणार, मधूचा आशिर्वाद टळणार आणि पोरगी हुशार आहे हे संध्याकाळपर्यंत गावभर होणार. खोटं कशाला बोलू, मी यूपीएसला हात घातलाही होता. त्या क्रोशाच्या कव्हराच्या एका कोपऱ्यात सतत धरून धरून गाठी सुटल्या होत्या. तेवढं बघितलं आणि हात काढून घेतला.

बाहेर सर हाताची घडी घालून बसले होते.

"सापडलं?"

"सापडलं सर."

"हार्डवेअर की सॉफ्टवेअर?"

हे शब्द मीच त्यांना शिकवले होते.

"शुद्धलेखन," मी म्हटलं.

सरांच्या भुवया वर गेल्या. "काय?"

"या ओळीत शुद्धलेखनाची चूक आहे. म्हणून मशीन घेत नाही."

"माझ्या ओळीत?" सर उठून उभे राहिले. "माझ्या? शुद्धलेखनाची?"

"होय. अगदी सुरुवातीलाच. पहिल्याच अक्षरात."

सरांच्या खिशातली लाल पेन्सिल मी काढून घेतली. कशी हिंमत झाली कुणास ठाऊक, आज होणार नाही. त्यांच्या मुद्रणप्रतीवर अडतिसाव्या ओळीत 'कै.' भोवती गोल केला, बाजूला समासात, त्यांनी माझ्या कार्डावर केली होती तशी खूण केली आणि तिथं 'सौ.' लिहिलं. मग कागद त्यांच्यासमोर ठेवला.

सरांनी तो कागद बघितला. आता हे मला बाहेर काढतील, लूनासकट, असं वाटत होतं. आतून काहीच आवाज येत नव्हता. मिक्सर नाही, भांडं नाही, सुपारीसुद्धा नाही.

सर खुर्चीत बसले. चष्मा काढला, पुसायला घेतला आणि न पुसताच परत लावला. दोन बोटं की-बोर्डवर ठेवली. आवाज नेहमीसारखा खणखणीत नव्हता.

"स ला काना, दोन मात्रा," ते म्हणाले. "सौ."

कॉम्प्युटर चालू होता.

"टिंब. एक जागा सोड. क ला पहिला उकार, कु. म ला पहिला उकार, मु. द ला पहिली, दि. न ला दुसरी, नी. कुमुदिनी."

चालू होता. सरांची बोटं थांबली. सौ. लिहिल्यावर पुढं कोणाची ते लिहावं लागतं, कुलवृत्तांताचा तसा नियमच असतो. ते भिंतीकडे वळले. दाराकडे नाही, भिंतीकडे, जिथं वायरचं भोक होतं तिकडे.

"नाव काय त्याचं?"

मग भोकातून काकूंचा आवाज आला. "फिलिप."

"फ ला पहिली, फि," सरांनी टाईप केलं. परत थांबले. "ल ला पहिली की दुसरी?"

"आता ते मला काय ठाऊक!"

"ठाऊक नसून कसं चालेल? आपल्याकडे शेवटून दुसरं अक्षर दीर्घ होतं. पण हे परकं विशेषनाम. तो स्वतः कसं लिहितो ते महत्त्वाचं."

"अहो, लिहा की कसंही!"

"कसंही?" सर भिंतीवर ओरडले. "पुस्तकात जायचंय ते! पाचशे घरांत! नवऱ्याचं नाव चुकीचं छापलं तर तिला काय वाटेल?"

काकू दारात आल्या. हाताला कूट लागलेलं होतं आणि पदराचं टोक तोंडाशी धरलेलं होतं. सरांनी त्यांच्याकडे बघितलं नाही. पडद्याकडे बघत, अगदी साध्या आवाजात, जसं कोणी दुधाबद्दल बोलतं, तसं म्हणाले,

"तुझ्या त्या दाताच्या डॉक्टरला फोन लाव. तिला विचारू."

काकूंनी नंबर कुठं बघितला नाही. कोपऱ्यातल्या फोनपाशी जाऊन, कुटाच्या हातानं, सात आकडे फिरवले. पलीकडे उचलल्यावर काही बोलल्या नाहीत, नुसता रिसीव्हर सरांपुढं धरला.

सरांनी तो घेतला. कानाला लावला. घसा साफ केला.

"कुमे," ते म्हणाले. "फिलिपमधल्या ल ला पहिली की दुसरी?"

पलीकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही. सर ऐकत राहिले. खूप वेळ ऐकत राहिले, वेलांटीला लागतो त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त. मध्येच एकदा "हं" म्हणाले. मध्येच त्यांचा चष्मा आपोआप नाकावरून खाली आला, तो त्यांनी वर केला नाही.

आणि तेवढ्यात खरोखरची लाईट गेली. डोक्यावरचा पंखा मंदावत थांबला. स्वयंपाकघरातला यूपीएस टीं टीं ओरडायला लागला आणि ओरडतच राहिला. काकू जागच्या हलल्या नाहीत. कॉम्प्युटर चालू होता. अडतिसाव्या ओळीवर 'सौ. कुमुदिनी फि' एवढंच लिहिलेलं होतं आणि त्याच्यापुढं कर्सर लुकलुकत होता.

सरांनी रिसीव्हरवर हात ठेवला आणि माझ्याकडे वळले.

"ज्योत्स्ना," ते म्हणाले, "पहिली. तू लिहून सेव्ह कर तोवर. मला वेळ लागेल."